सर्जाचा खुंटा

आमच्या घरात जे जनावर येईल त्याचं नाव सर्जा. मूळचा सर्जा घोडा होता आणि तो राजवाड्याच्या पागेतला होता, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगत. त्याच्यानंतर आणखी एक घोडा झाला, मग एक तट्टू, मग घराण्याची ऐपत जशी उतरत गेली तशी गाय, जिला नाइलाजाने सर्जी म्हणावं लागलं, आणि माझ्या लहानपणी कुत्रा. बिस्किटाच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, पावसाळी चपलेसारखा वास येणारा. खुंटा मात्र घोड्याचाच होता. परसात विहिरीच्या अलीकडे तो पुरलेला होता, काळ्या शिसवीचा, माझ्या कमरेइतका उंच, डोक्याला पितळी कडी. त्याला बांधलेला तो कुत्रा म्हणजे नातवाने आजोबांचा कोट चढवावा तसा दिसायचा. पण कुणी हसत नसे. आमच्या घरात ज्या गोष्टींना हसायचं नसतं त्यांची यादी मोठी होती आणि खुंटा त्यात बराच वर होता.

आम्ही सालोत्री. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. मराठे राजांबरोबर आमचा कुणी पूर्वज तंजावूरला आला तो घोड्यांच्या मागून चालत आला असणार; पण घरातल्या गोष्टींत तो राजाच्या शेजारून चालत आला. तंजावुरातल्या जुन्या मराठी घरांपैकी प्रत्येकाचा पूर्वज राजाच्या अगदी जवळचा होता. इतकी माणसं इतकी जवळ असताना त्या राजांना श्वास घ्यायला जागा कशी उरली, हा प्रश्न पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवू लागले तेव्हा मला पडला. लहानपणी पडला नाही. तेव्हा अप्पा वर्षभर रेव्हेन्यू ऑफिसात हेड क्लार्क असत आणि एक दिवस सालोत्री असत, आणि त्या एका दिवसावर आमचं घर वर्षभर चालायचं.

तो दिवस खंडेनवमीचा. इतर घरांत तलवार नाहीतर निदान विळी पुजतात. आमच्याकडे पाटावर लाल कापड घालून पूर्वजांची हत्यारं मांडली जायची: घोड्याची नस फोडायचं पितळी मुठीचं नश्तर, खूर खरवडायची सुरी, औषध पाजायचा तिरका कापलेला बांबूचा नळा. आई पहाटेपासून चुलीशी. डांगर पच्चडीसाठी उडीद भाजल्याचा वास, रसवांगीच्या मसाल्याचा वास, आणि त्या दोन्हींवर चढून बसणारा बत्तिशाचा वास. बत्तिसा म्हणजे घोड्याला द्यायचा मसाला. त्यात ओवा, सुंठ, हिंग आणि आणखी बरंच काही असायचं, जे सगळं फक्त अप्पांना ठाऊक होतं आणि त्यांनाही, मला वाटतं, दर वर्षी थोडं वेगळं ठाऊक असायचं. गुळात त्याच्या गोळ्या वळायच्या. मग अप्पा पेटीतला अंगरखा काढायचे, डोक्यावर लाल पगडी ठेवायचे, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मागे सोडत परसात जायचे. सर्जाच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, तोंडात गोळी. शेवटी मानेभोवती लाल धागा. धागा बांधताना अप्पा काहीतरी पुटपुटत. संस्कृत आहे असं आम्ही मानत होतो.

त्यानंतर गल्लीतली कुत्री यायची. हे केव्हा सुरू झालं मला माहीत नाही, पण आमची गल्ली सगळी तमिळ होती आणि तिने हा आमचा दिवस आपलासा केला होता. तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, अप्पा बसत आणि लोक दोरीला धरून, काखोटीला मारून, कधी कानाला धरून आपापली कुत्री आणत. प्रत्येकाला एक गोळी, एक धागा. समोरच्या चहाच्या दुकानाचा पिच्चैमुत्तु आपल्या मणीला घेऊन पहिला. मणी गोळी थुंकायचा. पिच्चैमुत्तु ती पुन्हा त्याच्या तोंडात कोंबायचा आणि म्हणायचा, "रायर, वर्षाची काळजी मिटली." आम्हा मराठी लोकांना तिथे रायर म्हणतात. अप्पा मान किंचित हलवायचे. रेव्हेन्यू ऑफिसात त्यांना कुणी असं मान हलवू देत नसणार.

एका वर्षी मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या, थंडीत, दारातली रांगोळीची कोलमं अजून ओली असताना, जनावरांचे सरकारी डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून बसले. आरोग्यसामी त्यांचं नाव. बुटके, जाड चष्म्याचे, गळ्यात कायम मफलर. टेबलावर बर्फाचा डबा, त्यात लशीच्या बाटल्या, आणि एका ताटलीत टिनचे गोल बिल्ले. ज्याला टोचलं त्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला. पिसाळण्याच्या रोगावरची लस, फुकट, असं आदल्या दिवशी दवंडीवाला सांगून गेला होता. अक्काने सर्जाच्या गळ्यात साखळी अडकवली. अक्का माझ्याहून मोठी, शाळेच्या शेवटच्या वर्षात, आणि घरात सर्जाचं सगळं तीच करायची: त्याचा भात, त्याच्या गोचिड्या, त्याच्या पडलेल्या कानातलं तेल.

"कोठे?" अप्पांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"डॉक्टर आलेत. टोचून आणते याला."

"त्याचं खंडेनवमीला झालं की."

"ते कुंकू, अप्पा. ही लस."

"बत्तिसा दिला. धागा बांधला. तुझ्यापुढे."

"एक सुई. काय बिघडतं?"

अप्पांनी पेपराची घडी घातली. घडी घातली की संभाषण संपत आलं असं आम्ही समजायचो. "आपल्या खुंट्याच्या जनावराला परक्या हाताचं औषध नाही. कधीच नाही. घोडा मेला तरी नाही."

"पणजोबा तर घोड्यांना नश्तर लावायचे," अक्का म्हणाली. "पुजतो की आपण."

"ते आपलं नश्तर."

आई सैपाकघराच्या दारात उभी होती, हातात कॉफीचा तंबलर. तिने अक्काकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे. अक्काने साखळी काढली. सर्जाला वाटलं फिरायला जायचं होतं. तो दाराशी जाऊन बसला आणि बराच वेळ बसून राहिला. बाहेर पिच्चैमुत्तु मणीला धरून आमच्या दाराकडे बघत उभा होता. त्याने अप्पांना विचारलं, "रायर, काय करू? टोचू?"

"तुझी इच्छा," अप्पा म्हणाले. "आमच्याकडे चालत नाही."

पिच्चैमुत्तुने मणीला सोडून दिलं आणि दुकानात गेला. त्याच्यामागून बाकीचे. डॉक्टर दुपारपर्यंत टेबलाशी बसून होते. आमच्या गल्लीतलं एकही कुत्रं गेलं नाही. जाताना ते आमच्या तिण्णैसमोर थांबले, धाग्यांविषयी त्यांनी ऐकलं असावं. आत आले नाहीत. चष्मा पुसला, बर्फाचा डबा सायकलच्या मागे बांधला आणि गेले.

अक्काची नात आता ओरत्तनाडूच्या जनावरांच्या कॉलेजात शिकते. घराण्यात दीडशे-दोनशे वर्षांनी पुन्हा सालोत्री निपजला तो मुलीच्या मुलीच्या पोटी, अप्पांना हे कसं वाटलं असतं कोण जाणे. तिला मी एकदा पूर्वजांची गोष्ट सांगितली, राजा, पागा, नश्तर, सगळी. तिने शांतपणे ऐकून विचारलं, "त्यांच्या हातचे किती घोडे जगायचे?" ही माहिती घराण्याने जपलेली नाही.

पोंगल होऊन गेल्यावर किल्ल्याच्या जुन्या खंदकाच्या बाजूने एक कुत्रं गल्लीत आलं. काळं, हडकुळं, सरळ रेषेत चालणारं. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. सर्जा दारात होता, भुंकत पुढे गेला, आणि त्या कुत्र्याने जाता जाता त्याच्या मानेला चावा घेतला, धाग्याच्या जरा खाली, आणि तसंच पुढे चालत गेलं. भांडण असं झालंच नाही. अप्पांनी जखम धुतली, हळद-चुना भरला, बत्तिशाची गोळी दिली. जखम लवकर भरली. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा दाखवायचे, केस बाजूला सारून. तेव्हाही जर सर्जाला डॉक्टरांकडे नेलं असतं तर. हे वाक्य मी एवढंच लिहून सोडते; आमच्या घरात ते अनेकांनी अनेकदा मनात पुरं केलेलं आहे.

पंगुनीचं, म्हणजे फाल्गुन-चैत्राचं, ऊन सुरू झालं तसा सर्जा बदलला. आधी तो फार लाडात आला, अक्काच्या पायात पायात. मग कुणालाच जवळ येऊ देईना. विहिरीमागच्या सावलीत जाऊन बसायचा. मानेची ती भरलेली जागा मागच्या पायाने खाजवत राहायचा. एका सकाळी तो खुंटा चावताना दिसला. शिसवीला दात लागत नाहीत, पण त्याने लावले होते. ओला भुसा जमिनीवर पडला होता. आणि त्याचं भुंकणं बदललं. सुरुवात नेहमीसारखी, मग मधेच तुटून वर जाणारा लांब सूर, दूरच्या गाडीच्या शिट्टीसारखा. आई हातातली पळी थांबवून ऐकायची. जबडा लोंबला होता, लाळ गळत होती. पाण्याच्या भांड्याकडे जायचा, तोंड घालायचा, घोट घेता येत नव्हता, मागे व्हायचा.

अप्पा ऑफिसातून आले, कोट न काढता परसात गेले, हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरले. त्या वेळी ते मला फार मोठे वाटले हे खरं आहे. "घशात हाड अडकलंय," ते म्हणाले. "घोड्यांना गवताचा बोळा अडकतो, तसं. तेल पाजू. उतरेल."

हत्यारांच्या पेटीतून बांबूचा नळा बाहेर आला. खंडेनवमीखेरीज तो बाहेर आलेला मी प्रथमच पाहत होते. आईने तेल कोमट करून दिलं. अप्पांनी सर्जाला गुडघ्यांमध्ये धरलं. जनावर धरणं त्यांना खरंच येत होतं; सर्जा त्यांच्या पकडीत निश्चल झाला. अक्काने जबडा उघडला आणि हाड दिसतं का म्हणून आत हात घातला.

"दिसतंय?"

"काही नाही. लाल आहे नुसतं."

"आणखी आत बघ."

सर्जाने जबडा मिटला. जोरात नाही. अक्काने हात काढला, अंगठ्याच्या मुळाशी ओरखडा होता, दोन-तीन थेंब रक्त. तिने तो परकराला पुसला. अप्पांनी नळा आत घातला, तेल ओतलं. ते सगळं बाहेर आलं, अक्काच्या हातावरून, माझ्याही, कारण मी भांडं धरून होते.

आईने तेव्हा काय केलं ते मला स्पष्ट आठवतं, कारण तसं तिने त्याआधी कधी केलं नव्हतं. ती पदर खोचून, चपला घालून, कुणाला काही न सांगता बाहेर पडली. मराठी घरातली बाई त्या वेळी एकटी, भर उन्हात, घाईने चालत गेली म्हणजे गल्लीला काहीतरी घडल्याचं कळायचं. ती परत आली तेव्हा तिच्यामागे सायकल होती आणि सायकलवर मफलरवाले डॉक्टर.

डॉक्टर परसाच्या दारातच थांबले. तिथूनच त्यांनी सर्जाकडे पाहिलं. सर्जाने तो तुटका सूर काढला.

"रायर," ते तमिळमधे म्हणाले, "बाहेर या."

"मी धरून आहे. घशात हाड आहे."

"हाड नाही. बाहेर या."

"मी सालोत्री आहे, डॉक्टर."

"असाल. बाहेर या."

अप्पांनी सर्जाला खुंट्याला बांधलं आणि बाहेर आले. पगडी नव्हती तरी त्यांचा हात ती सारखी करायला डोक्याकडे गेला.

"कुणाला चावला?"

"चावला नाही. हिला दात लागला नुसता."

"दात लागणं म्हणजेच चावणं. लाळ कुणाकुणाच्या हाताला लागली?"

सगळ्यांच्या. डॉक्टरांनी आम्हाला विहिरीवर नेलं. स्वतः पोहरा काढून अक्काच्या हातावर पाणी धरलं आणि आईला साबण चोळायला सांगितला. आई थांबली की म्हणायचे, "आणखी." पुन्हा थांबली की, "आणखी, अम्मा." सर्जा पाण्याच्या आवाजाने खुंट्याशी मागे मागे खेचत होता. अक्का त्याच्याकडे बघत होती. "डॉक्टर, याला आता सुई दिली तर?" तिने विचारलं.

"आता नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी द्यायची सुई असते ही."

त्या वेळी इंजेक्शनं पोटात द्यायची पद्धत होती. रोज सकाळी अप्पा, अक्का, मी आणि आई टाऊन बसने सरकारी दवाखान्यात जायचो. रांगेत बाक, भिंतीला निळा ऑइलपेंट, फिनेलचा वास. कंपाउंडर पोटाची कातडी चिमटीत धरायचा आणि जाड सुई आत जायची. काल एका बाजूला, आज दुसऱ्या. रोज एक. किती झाली ते मी मोजलं नाही. आई मोजत असावी, तिचे ओठ हलायचे. अप्पा शर्ट वर करून सगळ्यांत आधी टोचून घ्यायचे, परक्या हाताची, एकामागून एक. त्यांच्या ऑफिसातले लोक रांगेत दिसले तर ते त्यांना नमस्कार करायचे, शर्ट तसाच वर धरून.

मला त्या दिवसांत काय वाटत होतं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पोटाचा एक पट्टा कडक आणि बधिर झाला होता, बोटाने दाबला तर दुसऱ्या कुणाचं पोट दाबल्यासारखं वाटायचं. बाकीची मीही तशीच होते. सर्जा दोन-तीन दिवसांत गेला. डॉक्टरांनी त्याला खोल खड्ड्यात चुना घालून पुरायला लावलं. त्याची लाळ लागलेलं सगळं जाळा, असं सांगून गेले: दोरी, पोतं आणि हा खुंटा; भांडं फेका. अप्पांनी खुंटा स्वतः खणून काढला. परसात रॉकेल ओतून पेटवला. शिसवी लवकर जळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून आलो तरी तो धुमसत होता, आणि संध्याकाळीही. अप्पा अधूनमधून काठीने त्याला हलवायचे. आई त्याच धुराच्या शेजारून पाणी भरत होती. पितळी कडी राखेत राहिली. ती कुणी उचलली ते मी पाहिलं नाही.

इंजेक्शनं संपली. डॉक्टर म्हणाले, लस वेळेवर मिळाली आहे, काळजीचं कारण नाही, पण काही महिने लक्ष असू द्या. त्यांनी हे कुठल्याही डॉक्टरने सांगावं तसं सांगितलं. आमच्या घराने ते शब्दशः घेतलं. ज्याला हा रोग होतो त्याला पाणी गिळता येत नाही, हे आम्ही सर्जाच्या बाबतीत पाहिलं होतं. तेव्हापासून अक्का पाणी प्यायला उठली की घरातले आवाज थांबायचे. आमच्याकडे तंबलर ओठाला लावत नाहीत. मान मागे करून, तंबलर वर धरून, पाणी वरून तोंडात सोडायचं. घोट गिळला की घशात गटक्कन आवाज होतो. त्या आवाजासाठी आई पोळी तव्यावर जळू द्यायची. अप्पांचा पेपर हलायचा थांबायचा. मी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून बसायचे. गटक. मग पोळी उलटायची, पेपर वाजायचा, बोट पुढे सरकायचं. अक्काला हे कळत होतं. तिने एकदा तंबलर तोंडाशी नेऊन मुद्दाम तसाच धरून ठेवला, पाणी न सोडता, आणि आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग प्यायली. "झालं?" तिने विचारलं. आईने पोळी उलटली.

दरम्यान गल्लीत कुत्री पकडणारी गाडी आली. एका गल्लीत पिसाळलेलं कुत्रं निघालं म्हणजे तिथली बिनटोचलेली कुत्री नेण्याची तेव्हा रीत होती, आणि कुत्रं टोचलेलं आहे की नाही हे बिल्ल्यावरून कळे. आमच्या गल्लीत एकाच्याही गळ्यात बिल्ला नव्हता. सगळ्यांच्या गळ्यात लाल धागे होते, उन्हापावसाने गुलाबी झालेले. पिच्चैमुत्तु मणीला दुकानाच्या बाकाखाली घेऊन बसला होता. गाडीवरच्या माणसाने वाकून मणीची मान चाचपली, धागा बोटात धरला.

"हे काय?"

"रायरांनी बांधलाय," पिच्चैमुत्तु म्हणाला.

त्या माणसाने धागा सोडला आणि फास टाकला. अप्पा तिण्णैवर उभे होते. ते पायरी उतरून खाली गेले, गाडीपर्यंत, आणि तिथे उभे राहिले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत थांबत थांबत गेली. नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी आमची गल्ली शांत असायची. उरला तो फक्त दूर स्टेशनावरून पापनाशमकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज, जो आधी कुत्र्यांमुळे ऐकू यायचा नाही. दुसऱ्या सकाळी अप्पा ऑफिसला निघाले तेव्हा पिच्चैमुत्तु म्हणाला, "रायर, कॉफी?" रोजच्यासारखंच. अप्पा थांबले. बाकावर बसले. कॉफी प्यायले. यात क्षमा होती, सवय होती की पिच्चैमुत्तुला दुसरं काय म्हणावं सुचलं नाही, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मला तिसरं जास्त खरं वाटतं.

पुरट्टासी आली, म्हणजे भाद्रपद-आश्विन. खंडेनवमीच्या आधी आईने विचारलं, "उडीद भाजू का?" अप्पा म्हणाले, "भाज." हत्यारांची पेटी मात्र त्यांनी उघडली नाही. अंगरखाही काढला नाही. सकाळी ऑफिसचा पांढरा शर्ट घालून बाहेर गेले आणि डॉक्टर आरोग्यसामींना घेऊन आले. डॉक्टर अवघडले होते. त्यांना तिण्णैवर पाट मांडला होता, रांगोळी काढलेला, जो त्या घरात आमच्या पूर्वजांशिवाय कुणाला मांडलेला मी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी पाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "रायर, मला टेबल द्या. गुडघे दुखतात." अप्पांनी आतून टेबल आणलं.

लोक आले. मला वाटलं होतं येणार नाहीत, पण दिवस खंडेनवमीचा होता आणि गल्लीला दुसरं काही ठरवायचा त्रास घ्यायचा नव्हता. नवी कुत्री होती, बहुतेक पिल्लं. पिच्चैमुत्तुकडेही एक पांढरं पिल्लू होतं, त्याचं नावही मणी. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहानाला अजून नको, महिना जाऊ द्या, मग आणा. आणि तीन महिन्यांच्या वरची तेवढी आधी घेऊ. पिच्चैमुत्तु मान हलवून बाजूला बसून राहिला. घरी गेला नाही. अप्पा जमिनीवर बसले, बाह्या वर केलेल्या, आणि एकेक कुत्रं गुडघ्यांमध्ये धरू लागले. एक हात छातीखाली, एक हनुवटीखाली, मान आपल्या दंडाशी टेकवलेली. जनावर त्यांच्या हातात शांत होत होतं. डॉक्टर सुई टोचत होते. बिल्ले अडकवायला डॉक्टरांकडची सुतळी अपुरी पडली, तेव्हा अप्पांनी आत हाक मारली, आणि आईने लाल धाग्याचं रीळ आणून दिलं. टिनचे बिल्ले लाल धाग्यात ओवले गेले. अप्पा काही पुटपुटले नाहीत.

त्यानंतर दर वर्षी तेच झालं. डॉक्टर बदलले, टेबल तेच होतं. पूर्वजांविषयी अप्पा पुन्हा कधी बोलले नाहीत, कुणी पाहुण्याने विषय काढला तर म्हणायचे, "होते कुणी." अक्काने पुढे कुठल्याही जनावराला हात लावला नाही. ती पापनाशमला असते, तिच्या दाराशी मांजरसुद्धा थांबत नाही. माझ्या पायाशी हे लिहिताना एक म्हातारी कुत्री झोपलेली आहे, चिन्नी, आणि अक्काचा दर वर्षी नवरात्राच्या तोंडाशी फोन येतो. कशी आहेस, वगैरे काही नाही. "टोचलीस का?" असं विचारते. मी हो म्हणते. मग ती फोन ठेवते.

पण मला सांगायची होती ती त्या पहिल्या खंडेनवमीची दुपार. रांग अर्धी झाली होती. अप्पांच्या गुडघ्यांत एक तांबडं कुत्रं होतं, डॉक्टरांनी सुई भरून वर धरलेली. अक्का दारात आली. उन्हात तिण्णैपर्यंत आली नाही, उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिच्या हातात तंबलर होता. तिने मान मागे केली.

अप्पांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं. डॉक्टरांना काही कळलं नाही, ते सुई धरून थांबले. पिच्चैमुत्तु बोलता बोलता थांबला. कुत्रंही, अप्पांचा श्वास थांबला म्हणून असेल, हललं नाही.

गटक.

"हं," अप्पा म्हणाले, आणि कुत्र्याची मान पुन्हा दंडाशी टेकवली. "टोचा."